डाव्या कानातला आवाज

माझा दवाखाना बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात आहे, वेशीपासून चालत तीन मिनिटांवर, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. जिन्यात दिवसभर माव्याच्या जिलेबीचा वास असतो. मी कान तपासते आणि ऐकण्याची मशीनं बसवते. पाटीवर ऑडिओलॉजिस्ट लिहिलंय, पण तो शब्द कोणी वाचत नाही. सगळ्या गल्लीला मी कानवाली मॅडम. बऱ्हाणपुरात हे काम कधी कमी पडत नाही. पॉवरलूमवर तीस-तीस वर्षं काढलेली माणसं येतात आणि समोर बसून एकमेकांशी ओरडून बोलतात.

मागच्या खोलीत तपासणीचा बूथ आहे. सहा बाय पाच फूट. आतून भिंतींना बारीक छिद्रांचा पत्रा, त्याच्यामागे काचलोकर, चार बोटं जाडीचं दार आणि माझ्या टेबलाकडच्या बाजूला दुहेरी काचेची खिडकी. आत एक स्टूल आणि एक हेडफोन. मी बाहेरून आवाज सोडते, ऐकू आला की पेशंटनं बोट वर करायचं. दार लागलं की रस्त्यावरचा आवाज असा तुटतो की नवीन माणूस दचकतो.

शुक्रवारी माग बंद असतात. सकाळी गर्दी होते, दुपारी तीननंतर दवाखाना रिकामा. त्या वेळी आम्ही चौघं जमायचो. निमित्त होतं ‘उलटी चौकट’ नावाचं एक पॉडकास्ट. भीतीच्या कथा, दर गुरुवारी एक, एकाच पुरुषाच्या आवाजात.

नाद लावला आत्मारामकाकांनी. वय अडुसष्ट, सगळी हयात मागावर गेलेली. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा मशीनवर चालणारा. मशीन मोबाइलला जोडता येतं हे मी दाखवल्यावर त्यांना नवं जगच सापडलं. पहिल्यांदा भजनं, मग बातम्या, मग भुताच्या गोष्टी. त्यांनी मला ऐकायला लावलं. मी राजपुऱ्यात राहणाऱ्या जयश्रीताईंना सांगितलं. त्या मराठी शाळेत शिकवतात, सकाळची शाळा करून दुपारी मोकळ्या असतात. चौथा जितेंद्र. लालबागकडे केळी पिकवण्याचं गोदाम सांभाळतो. आईच्या मशीनसाठी आला होता, आमची चर्चा ऐकून बसला तो बसलाच. गोष्टीत खोट काढणं हे त्याचं काम.

एकतिसाव्या भागाचं नाव होतं ‘कडी’. एक बाई न्हाणीघरात जाते, आतून कडी लावते आणि कडी अडकते. घरातली माणसं बाहेर आपापल्या कामात. अडतीस मिनिटं फक्त ती खोली, बादली, वरचा झरोका, दाराखालची फट. दार उघडलं की नाही ते शेवटी कळत नाही.

“बोअर,” जितेंद्रनं निकाल दिला. “अरे, बाई अडकली आहे तर ओरडेल ना? पूरी कहानी में एक शब्द नहीं बोलती. असं कुठं असतं?”

“तेच तर भीतीचं आहे,” जयश्रीताई म्हणाल्या. “लेखकानं तिला मुद्दाम गप्प ठेवलंय.”

आत्मारामकाका चहाची बशी हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

“बोलते ना ती,” ते म्हणाले. “सगळा वेळ तीच तर बोलते. त्या माणसाचाच आवाज मले नीट येत नव्हता तिच्यामुळे.”

जितेंद्र हसला. मी हसले नाही, कारण काकांनी बोलताना बोट डाव्या कानाला लावलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या दोघांना तेव्हा माहीत नव्हती. काकांची बायको सरुबाई दोन वर्षांपूर्वी गेली. न्हाणीघरात पाय घसरला, दाराला आतून कडी होती. काका बाहेरच्या खोलीत शेंगा निवडत बसले होते. दीड तासानं शेजारीण आली तेव्हा दार तोडलं. त्यानंतर महिन्याभरानं त्यांचा मुलगा समाधान त्यांना माझ्याकडे मशीनसाठी घेऊन आला होता. एवढंही समाधाननं जिन्यात, हळू आवाजात सांगितलं. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

म्हणून मी गोष्ट तिथंच मिटवली. बाकीचे गेल्यावर काकांना म्हटलं, “एकदा तपासून बघू या.”

याचं साधं उत्तर असतं. डाव्या कानात मोठा आवाज सोडला तर तो कवटीच्या हाडातून उजव्या कानाला पोचतो, आणि पेशंटला वाटतं डाव्यानं ऐकलं. ते टाळायला उजव्या कानात मुद्दाम खरखर सोडतात. मी तसंच केलं. डाव्या कानाची पूर्ण तपासणी पुन्हा घेतली. शंभर डेसिबलला, म्हणजे मागाला कान लावून बसावं त्याहून मोठ्या आवाजाला, काकांचं बोट हललं नाही. कान जसा होता तसाच होता, बंद.

मग मी डाव्या बाजूला तो भाग लावला, हळू. बूथच्या आतला माइक चालू केला आणि माझ्या टेबलावरच्या माइकवरून त्यांच्या उजव्या कानात सांगितलं, “जे ऐकू येईल ते माझ्यामागे म्हणा.”

मग काकांनी डोळे मिटले.

“पाणी थंड होऊन राहिलं,” ते म्हणाले. “भिंतीले हात लावला तर गार लागते.” थांबले. “दाराखालून पाय दिसतात. आत्माराम, तुझे पाय दिसतात मले.”

मी हेडफोनची पिन काढली. आता कानात काहीच जात नव्हतं.

“एक चप्पल उलटी पडली आहे,” काका म्हणत राहिले.

बाहेर आल्यावर मी त्यांना पाणी दिलं. विचारलं, “काका, आवाज काकूंचा आहे का?”

“नाई बेटा.” त्यांनी चटकन मान हलवली. “सरू मले कधी नावानं हाक मारत नसे. अहो म्हणे. ही कोणी दुसरीच आहे. पण हिले सगळं माहीत आहे.”

त्या रात्री मी तो भाग संगणकावर उघडून पाहिला. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी. एकच आवाज, एकच माइक. पॉडकास्टवाल्यांना मेल केली. दोन दिवसांनी उत्तर आलं: बाईचा आवाज कुठेच वापरलेला नाही, बऱ्हाणपुरात आपले श्रोते आहेत हे ऐकून फार आनंद झाला, कृपया पाच तारे द्यावेत.

पुढच्या शुक्रवारी बत्तिसावा भाग आला होता. त्याच्याबद्दल कोणी बोललंच नाही.

जयश्रीताई आल्या आल्या म्हणाल्या, “चारू, मी ‘कडी’ पुन्हा ऐकली. काका म्हणतात ते बरोबर आहे गं. लांब, अगदी बारीक, पण आहे. डाव्या बाजूला.”

“ताई, तुम्हाला ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं,” जितेंद्र म्हणाला. “दिमाग का खेल है.”

“असेल.” त्या हसल्या. “पण तू शेवटाबद्दल भांडत होतास ना? ती सुटते का नाही म्हणून? आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो. तिला सुटायचंच नाहीये. दार उघडा असं ती एकदाही म्हणत नाही.”

“मग काय म्हणते?”

उत्तर काकांनी दिलं. “कडी लाव म्हणते.”

जितेंद्र उठून खिडकीपाशी गेला. खाली कुणीतरी हातगाडी ढकलत होतं, तिच्या चाकाचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, आमच्यासमोर पॉडकास्टचं अ‍ॅप उडवलं आणि म्हणाला, “मी नाही येत आता. तुम्ही पण बंद करा. मजाक नाही राहिलं हे.”

मी जयश्रीताईंचे कान तपासले. दोन वर्षांपूर्वीचा त्यांचा आलेख माझ्याकडे होता, दोन्ही कान उत्तम. आता उजवा तसाच होता आणि डाव्याची रेघ तीस डेसिबलनं खाली आली होती. जाड, बारीक सगळ्या सुरांना सारखी. इतकी सपाट रेघ मी पुस्तकातही पाहिलेली नव्हती. त्यांना त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी इंदूरला धाडलं. तिथं डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्याआड इंजेक्शनं झाली. पुढच्या शुक्रवारी साठ. त्याच्या पुढच्या शुक्रवारी डाव्या कानात काहीही सोडलं तरी त्यांचं बोट वर झालं नाही.

मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनीच माझा हात धरला.

“घाबरू नकोस. मला काही त्रास नाही,” त्या म्हणाल्या. “ऐकू येतंय मला. आता खूप स्पष्ट येतंय.”

“ताई, तो भाग ऐकणं बंद करा. मला शब्द द्या.”

“तो कधीच बंद केला. तो लावायला लागत नाही आता.”

एप्रिलचा दुसरा शुक्रवार. बाहेर बेचाळीस डिग्री होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. काका पावणेतीनलाच आले. दाढी केलेली, स्वच्छ पांढरा सदरा. जयश्रीताई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी बसल्या, बूथच्या काचेसमोर. मी काकांची तपासणी पुन्हा करायची ठरवली होती. इंदूरच्या डॉक्टरांना दोघांचेही कागद पाठवायचे होते.

काकांना स्टुलावर बसवलं. हेडफोनची वायर त्यांच्या पाठीमागे अडकली होती ती सोडवायला मी आत गेले. मोबाइल बाहेर टेबलावर होता. बूथमधला हवेचा पंखा मी नेहमीप्रमाणे तपासणीआधी बंद केला होता, त्याची घरघर नको म्हणून. त्याचं बटण बाहेर आहे.

मी वायर सोडवत असताना काका उठले, माझ्या बाजूनं दारापाशी गेले, दार ओढून घेतलं आणि छातीच्या उंचीवर हात नेऊन अंगठा डावीकडे सरकवला. मग परत येऊन बसले.

“काका, थांबा, मला बाहेर जाऊ द्या,” मी म्हणाले आणि मूठ फिरवून दार ढकललं.

दार हललं नाही.

ते दार रबरी पट्टीवर टेकतं. सहा वर्षांची पोरगी ढकलू शकेल इतकं हलकं बिजागर आहे. मी खांदा लावला. मग पाठ लावून पाय रेटले.

“जोर नको लावू बेटा,” काका म्हणाले. “आतून कडी आहे.”

“या दाराला कडी नाहीये, काका.”

“आत्ताच लावली ना मी.”

मी काचेवर हात आपटले. जयश्रीताई काचेपलीकडे दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या होत्या. लाल पेन कानामागे खोचलेलं, ओठ हलताहेत, मार्कांची बेरीज चालू. मी ओरडले. बाहेर काही जाणार नाही हे मला माहीत होतं, आतल्या माइकचं बटणही बाहेर, बंद; हा बूथ मीच मोजून घेतलेला आहे. तरी ओरडले. त्यांनी वर पाहिलं. पण माझ्या डोळ्यांकडे नाही. थोडं खाली, स्टुलाच्या उंचीवर. हसल्या, मान डोलावली आणि पुन्हा उत्तरपत्रिकेत डोकं घातलं.

ओरडणं थांबवल्यावर शांतता आली. त्या खोलीतली शांतता मी पेशंटना समजावून सांगत आले आहे: आधी श्वास ऐकू येतो, मग काळीज, मग मान वळवली की मानेचे सांधे. दार उघडेल हे माहीत असतं तेव्हा ते गमतीचं असतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझा कुडता पाठीला चिकटला होता. काकांचा श्वास वरवर चालला होता, सदरा ओला झाला होता. मी दुपट्ट्यानं त्यांना वारा घातला.

“काका, तिला सांगा, आम्हाला जाऊ दे.” हे मी म्हणाले. मी, जिनं तिला कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी डावा कान किंचित वर केला.

“ती मले सांगून राहिली,” ते म्हणाले. “त्या दिवसाचं. मी शेंगा निवडत होतो. सरूनं किती हाका मारल्या, मले कोणीच सांगितलं नव्हतं. कोणाले माहीत असणार?” त्यांनी ओठ घट्ट मिटले, पुन्हा उघडले. “एकेचाळीस. एकेचाळीस वेळा अहो म्हणाली.”

“काका, नका.”

“आणि शेवटची नावानं. अहो म्हणून ऐकत नाही तर नावानं ऐकीन म्हणून. आत्माराम म्हणाली सरू. पहिल्यांदा.”

ते रडत होते, आवाज न करता. मी खाली बसून त्यांचे गुडघे धरले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तेव्हा मला कळलं की हात गार आहे.

भिंत पण गार होती.

बंद खोली, दोन माणसं, पंखा नाही, बाहेर बेचाळीस डिग्री. उकाडा वाढायला हवा होता. मी पत्र्यावर तळवा ठेवला तर बोटांना दमटपणा लागला.

काका स्टुलावर थोडे सरकले. एका बाजूला. दुसऱ्या माणसाला टेकता येईल एवढे.

“बस,” ते म्हणाले.

मी कोपऱ्यात गेले. दार आणि काचेच्या मधला कोपरा. पाठ पत्र्याला लावून डोळे मिटून घेतले.

उघडले नाहीत.

दार उघडलं तेव्हा साडेपाच वाजले होते. जितेंद्र दारात उभा होता. आईच्या मशीनचे सेल घ्यायला आला होता. दोन बोटांनी त्यानं दार ओढलं होतं.

“मॅडम? जमिनीवर काहून बसल्या?”

काका स्टुलावर होते, डोळे उघडे, चेहरा शांत. आम्ही दोघांनी धरून त्यांना बाहेर आणलं. जितेंद्रनं त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हाक मारली, मग मोठ्यानं, मग टाळी वाजवली. काकांनी मान वळवली नाही. मशीन चालू होतं, सेल भरलेला होता. कान गेला होता.

जयश्रीताई उत्तरपत्रिकांना सुतळी बांधत होत्या.

“ताई, मी काच बडवत होते!” माझा आवाज मलाच फाटका वाटला. “दोन तास! तुम्ही वर पाहिलंत, हसलात!”

त्या गोंधळल्या. “चारू, तू तर काकांशी बोलत बसली होतीस. म्हणून मी मध्ये आले नाही. सगळा वेळ तुझी पाठ होती माझ्याकडे.”

मी बसले नव्हते. आत स्टूल एकच आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. जितेंद्र माझ्याकडे बघत होता; त्यानं मान हलवली, आता काही बोलू नका, अशी.

समाधान रात्री आला आणि वडिलांना आपल्या नोकरीच्या ठिकाणी, पेपर मिलच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला. फोनवर तो सांगतो की काका बरे आहेत, जेवतात. दिवसभर हळू आवाजात बोलत असतात आणि मध्येमध्ये थांबून ऐकतात. त्यांच्या खोलीच्या दाराची कडी त्यानं काढून टाकली आहे. जयश्रीताई फोन घेत नाहीत. एकदा त्यांच्या यजमानांनी घेतला. म्हणाले, आंघोळीला गेली आहे. मी तासाभरानं पुन्हा केला. त्यांनी तेच सांगितलं.

बूथ मी दहा दिवस उघडला नाही. मग उघडला, कारण माणसं लांबून येतात आणि त्यांना परत पाठवता येत नाही. मिस्तरीकडून दार तपासून घेतलं. काही दोष नाही. माझे स्वतःचे कान मी अजून तपासलेले नाहीत. यंत्र समोर आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

काल देडतलाईहून एक बाई आल्या होत्या, रुख्मिणीबाई. पन्नाशीच्या, कापसाच्या शेतात राबलेला हात, तपासणी म्हणजे काय याची उत्सुकता. उजवा कान झाला, डावा झाला. वयाच्या मानानं दोन्ही चांगले. बोट बरोबर वेळेवर वर करत होत्या. मला बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी.

बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि थोड्या ओशाळून म्हणाल्या, “ताई, माझं आधी करायला नको होतं वो. मी मागून आली.”

“तुमचाच नंबर होता, बाई. आज सकाळपासून तुम्ही पहिल्या.”

“अन् त्या?” त्यांनी बूथकडे हनुवटी केली. “त्या तर माझ्या आधीपासून आत बसल्या आहेत.”

मी उठून बूथच्या पंख्याचं बटण दाबायला हात पुढे केला, का ते माहीत नाही.

“राहू द्या,” रुख्मिणीबाई मायेनं म्हणाल्या. “पंखा नका लावू. केस ओले आहेत त्यांचे.”